भाऊजींची सहा काडतुसे



माझ्यासारख्या कृषी विस्तार अधिकाऱ्याने लेख लिहिला की त्यात बियाणे, खत, फवारणी यांपैकी काहीतरी असणार, असे तुम्ही धरून चालता. नोकरीची तीस वर्षे वाशीम जिल्ह्यात याच गोष्टी सांगत फिरलो, तेव्हा तुमचे चुकत नाही. पण आज एका वेगळ्याच वस्तूबद्दल लिहिणार आहे. ती आपल्या गावात फार घरांत नसते. जिथे असते तिथे मात्र साऱ्या घराचे लक्ष तिच्याकडे असते. ती वस्तू म्हणजे परवान्याचे हत्यार, आणि त्यात घालायचे काडतूस.

बंदूक आमच्या घराला नवी नाही. वडिलांजवळ ठासणीची बंदूक होती, पीकसंरक्षणाच्या परवान्यावर मिळालेली. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शेतकऱ्याला अशा बंदुकीसाठी परवाना मागण्याची सोय आहे. ज्वारी हुरड्यावर आली की वडील मचाणावर बसत आणि रात्रीतून एखादा बार हवेत काढत. रानडुकरे तेवढ्याने पळत. वडील वारले आणि दुसऱ्याच आठवड्यात आम्ही ती बंदूक ठाण्यात जमा करून पावती घेतली. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकताना मी एन.सी.सी.त होतो. तिथे बावीस बोरच्या रायफलीने निशाणी मारायला शिकलो. या विषयातली माझी विद्या एवढीच.

पण नात्यागोत्यात एवढी विद्याही पुरते. आमचे थोरले भाऊजी, म्हणजे अक्काचे यजमान, गावोगावचा सोयाबीन, तूर, हरभरा घेऊन बाजार समितीत घालतात. हा धंदा रोखीचा. २०२१ साली दिवाळीच्या तोंडावर ते पैशाची पिशवी घेऊन मोटारसायकलने गावाकडे निघाले होते. अंधार पडला होता. दोघांनी त्यांना आडवे येऊन कोयता दाखवला. मागून ट्रॅक्टरचा उजेड आला म्हणून ते दोघे पळाले आणि पैसे वाचले. भाऊजींची झोप मात्र गेली. त्यांनी रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी अर्ज केला. पोलिसांची चौकशी झाली, डॉक्टरचा दाखला झाला, हत्यार हाताळण्याचे शिक्षण झाले. २०२३ साली परवाना हातात पडला. त्यांनी लहान नळीचे, सहा काडतुसांचे, कमरेला लावता येईल असे रिव्हॉल्व्हर घेतले. गोळ्या घ्यायच्या दिवशी मला सोबत घेऊन गेले.

वाटेत म्हणाले, "बापू, तू बीएस्सी झालेला. मले एवढंच सांग, जालीम गोळी कोनती?"

मला हसू आले. हाच प्रश्न मी तीस वर्षे ऐकत आलो आहे. तुरीवर अळी पडली की शेतकरी कृषी केंद्रात जाऊन विचारतो, "जालीम औषध कोणतं?" मी त्याला उलट विचारतो : अळी कोणती, किती मोठी, पंप कोणता, नोजल कोणते, फवारणारा कोण? औषध त्यानंतर ठरते. भाऊजींनाही मी तेच म्हटले, "आधी पंप पाहू, मग औषध."

आपल्याकडे नागरिकाला जे रिव्हॉल्व्हर मिळते ते बहुधा बत्तीस बोरचे. अडतीस बोर आणि नऊ मिलिमीटर हे बोर पोलीस व सैन्याच्या कामाचे म्हणून सामान्य परवानाधारकाला बंद आहेत. बत्तीस बोरचे हे लांब काडतूस अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसन कंपनीने १८९६ साली काढले. आपल्या देशात ते पुण्याजवळच्या खडकी येथील दारूगोळा कारखान्यात तयार होते. हा कारखाना १८६९ सालचा. २०२१ च्या ऑक्टोबरपासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे. काडतुसाच्या बुडाशी इंग्रजीत 'के एफ' ही अक्षरे दिसली की माल खडकीचा असे समजावे. गोळी शिशाची, गोल नाकाची, साधारण सहा ग्रॅम वजनाची. वेग सेकंदाला दोनशे मीटरच्या आसपास. रायफलीच्या मानाने हे मवाळच काडतूस.

दुकानात आणखी एक गिऱ्हाईक उभे होते. ते भाऊजींना सांगू लागले, "परदेशी, पोकळ नाकाची गोळी मिळवा. अंगात शिरली की फुलासारखी उमलते." भाऊजींचे डोळे चमकले. दुकानदार वयस्कर आणि सरळ माणूस होता. तो म्हणाला, "उमलायला वेग लागतो, साहेब. तुमची नळी आखूड. आखूड नळीतून या बोराची गोळी हळू निघते. पुष्कळदा ती पोकळी उमलतच नाही, साध्या गोळीसारखीच जाते. पैसे मात्र भारी पडतात, आणि आज मिळाली तर पुढच्या वर्षी मिळेल याचा नेम नाही."

मला त्याचे म्हणणे पटले. जे औषध एकदा मिळते आणि पुन्हा मिळत नाही, त्याच्यावर हंगाम काढता येत नाही. काडतुसाचेही तसेच आहे. ज्या काडतुसाने सराव केला तेच जवळ असावे, म्हणजे हाताला त्याचा धक्का माहीत होतो आणि गोळी कुठे बसते ते कळते.

दुकानदाराने दुसरी गोष्ट सांगितली ती याहून महत्त्वाची. बत्तीस बोर या एकाच नावाखाली दोन निरनिराळी काडतुसे मिळतात. एक रिव्हॉल्व्हरचे, लांब, बुडाशी चांगली रुंद कड असलेले. दुसरे पिस्तुलाचे, आखूड. पिस्तुलाचे काडतूस काही रिव्हॉल्व्हरांच्या चक्रात बसतेसुद्धा. पण आत बसते म्हणून चालते असे नाही. त्याचा दाब जास्त असतो, आणि रिव्हॉल्व्हर त्या दाबासाठी घडवलेले नसते. तणनाशकाचा पंप न धुता त्यातच कपाशीवर कीटकनाशक मारल्यावर काय होते ते आपण पाहिलेले आहे. म्हणून नुसते 'बत्तीस बोर द्या' असे म्हणू नये. परवाना दाखवावा, हत्यारावर कोरलेले नाव दाखवावे आणि डब्यावरचे नाव त्याच्याशी ताडून पाहावे. कोणी घरी भरलेले किंवा एकदा उडालेल्या केसमध्ये पुन्हा दारू भरलेले काडतूस स्वस्तात देऊ केले तर हात जोडून नको म्हणावे.

भाऊजींनी खडकीची पन्नास काडतुसे घेतली. दुकानदाराने परवान्यावर नोंद केली. परवान्यावर जितकी संख्या लिहिलेली असते त्याहून एकही जास्त बाळगता येत नाही, हे ज्यांच्या घरी परवाना आहे त्यांनी ध्यानात ठेवावे.

पुढच्या आठवड्यात शहरातल्या रायफल क्लबच्या मैदानावर भाऊजींनी सराव केला. सात पावलांवर जेवणाच्या ताटाएवढा कागद लावला होता. पहिल्या सहा गोळ्यांपैकी दोनच कागदाला लागल्या. हत्यार हलके, मूठ लहान, नळी आखूड. त्यामुळे मवाळ काडतूसही हाताला झटका देते, आणि माणूस चाप ओढण्याआधीच मनातून दचकतो. दुसऱ्या सहांत तीन लागल्या. तिसऱ्या सहांत चार. परत येताना भाऊजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बापू, ज्या लागल्या नाईत त्या कुठं गेल्या असत्या रे?"

बंधूंनो, जालीम गोळी कोणती या प्रश्नाचे खरे उत्तर मला त्यांच्या या उलट प्रश्नात सापडले. मैदानावर मागे मातीचा उंच बांध होता. गावात बांध नसतो. आपल्याकडे कुडाच्या भिंती, पत्र्याची दारे, बाजूला गोठा, अंगणात बाजेवर निजलेली माणसे. शिशाची मवाळ गोळीसुद्धा पत्रा आणि फळी भेदून पलीकडे जाते. जितकी जालीम गोळी, तितका पलीकडच्या माणसाला धोका जास्त. आणि जिचा धक्का हाताला पेलवत नाही, ती गोळी चुकण्याचा संभवही तितकाच जास्त.

कायद्याचेही थोडे सांगतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क सांगितला आहे. हक्क आहे, पण गरजेपुरता. जीव वाचवण्यासाठी जेवढे लागते त्याहून जास्त इजा करण्याची मोकळीक कायदा देत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. पळून चाललेल्या चोराच्या पाठीत गोळी घालणे याला कोणी स्वसंरक्षण म्हणणार नाही. रोही आणि रानडुकरे पिकाचा फडशा पाडतात हे मी रोज पाहतो. तरी त्यांच्यावर हत्यार उचलायचे नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. वनखात्याच्या परवानगीवाचून काही करू नये, नुकसानीचा अर्ज मात्र लगेच द्यावा. आणि वरातीत हौसेने बार काढणाऱ्यांनी ऐकून ठेवावे : २०१९ च्या दुरुस्तीपासून या हौसेला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत.

पण मला जे खरोखर सांगायचे आहे ते याच्या पुढचे आहे.

२०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्या खाली राहिला. भाव वाढेल या आशेने भाऊजींनी गावचा पुष्कळ माल उधारीवर भरून ठेवला होता. भाव वाढला नाही. ज्यांचा माल घेतला ते पैशासाठी दारात येऊ लागले. सगळी ओळखीची, नात्यातली माणसे. भाऊजी कोणाला तोंड चुकवणारे नव्हते, ते चुकवू लागले.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी अक्काचा फोन आला. आवाज दबलेला. "बापू, हे दोन दिस झाले जेवले नाईत. कोनाशी बोलत नाईत. रात्रीचे मळ्यातल्या खोलीवर जाऊन एकटे बसतात." मी काही बोलण्याआधीच तिने पुढचे सांगितले. "डब्यातली सव्वीस म्या तुरीच्या कोठीत खाली दडवून ठेवली. सहा त्यांच्यापाशी हायत."

पन्नासमधून अठरा सरावात गेली होती. राहिली बत्तीस. अक्का शाळेत चौथीपर्यंत गेलेली. तिने तो हिशेब बरोबर धरला होता.

मी चाळीस किलोमीटर मोटारसायकल मारली. त्या वाटेवर माझ्या मनात काय काय आले ते लिहीत नाही. आपल्या भागात या खात्यात काम करणाऱ्याला अशा घरी जाण्याचे प्रसंग आलेले असतात, आणि बहुतेक वेळा तो उशिरा पोचलेला असतो. मळ्यात पोचलो तेव्हा खोलीत दिवा होता. भाऊजी बाजेवर बसले होते. मी शेजारी बसलो. आधी थंडीचे बोललो, मग हरभऱ्याच्या घाट्यांचे, मग सोयाबीनच्या भावाचे. भाव निघाला तसे ते रडू लागले. पासष्ट वर्षांचा माणूस, मी त्यांना कधी रडताना पाहिले नव्हते. मी त्यांना अडवले नाही.

थोड्या वेळाने सरळ विचारले, "भाऊजी, जिवाचं काही बरंवाईट मनात येतं का?"

असे विचारू नये, विचारल्याने नसलेली कल्पना डोक्यात शिरते, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. विचारल्याने माणसाला बोलायला वाट मिळते. भाऊजी म्हणाले, "येतं."

मी म्हटले, "वावरात वाफसा नसला की आपण तिफण बाहेर काढत नाही, घरात ठेवून देतो. हे हत्यार थोडे दिवस ठेवून देऊ. वाफसा आला की पाहू."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग, "तुले अक्कानं सांगतलं काय?" एवढेच म्हणाले. मी होय म्हटले. खोटे बोलण्यात अर्थ नव्हता. त्यांनी कमरेचे रिव्हॉल्व्हर काढले, चक्र उघडले आणि एकेक काडतूस बाजेवर मांडले. सहा. आम्ही दोघांनी मिळून मोजली.

रात्रभर मी त्यांच्याजवळच राहिलो. सकाळी दोघे ठाण्यात गेलो. परवाना, रिव्हॉल्व्हर आणि बत्तीसही काडतुसे दाखवून ती जमा केली आणि पावती घेतली. निवडणुकीच्या वेळी हत्यारे जमा होतात तसेच हेही झाले. कोणी कारण खोदून विचारले नाही. घरी येऊन मी गोठ्यातली फवारणीची औषधेही गोळा केली, पेटीत घातली, कुलूप लावले आणि किल्ली थोरल्या भाच्याच्या हातात दिली. एक दार बंद करून दुसरे उघडे ठेवण्यात शहाणपण नव्हते. मग डॉक्टरकडे नेले. औषध सुरू झाले, झोप लागू लागली. घेणेकऱ्यांना घरी बोलावून चार जणांसमक्ष हप्ते ठरवले. भाऊजींच्या स्वतःच्या शेतातला सोयाबीन हमीभाव केंद्रावर गेला, त्यातून पहिला हप्ता फिटला. माणसे वाटली होती त्याहून समजूतदार निघाली.

तुमच्या घरात, शेजारात असे कोणी गप्प गप्प झाले असेल तर वाट पाहू नका. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते, रात्रीही लागतो. आणि त्या घरातले हत्यार, विषारी औषध, जे काही असेल ते काही दिवसांसाठी त्या माणसाच्या हाताबाहेर ठेवा. वाईट घटका पुष्कळदा थोड्या वेळाची असते. तेवढ्या वेळात हाताशी काही नसले तर माणूस वाचतो.

पुढे वर्षभराने डॉक्टरांशी बोलून, घरच्यांच्या संमतीने भाऊजींनी रिव्हॉल्व्हर परत आणले. आता व्यवहार बहुतेक बँकेतून होतो, रोकड थोडीच असते, म्हणून ते कमरेला क्वचितच लागते. लोखंडी पेटीत असते, काडतुसे वेगळ्या पेटीत. चामड्याच्या पट्ट्यात ती कायमची खोचून ठेवत नाहीत, कारण चामड्यामुळे पितळेला हिरवा कळंक चढतो. तेलकट हात लावत नाहीत, कारण तेल टोपीत झिरपले की काडतूस फुसके निघण्याचा संभव असतो. सरावात जुनी आधी उडवायची, नवी मागे ठेवायची, बियाण्याच्या पोत्यांसारखे. आणि चाप ओढूनही बार निघाला नाही तर नळी मातीच्या बांधाकडेच धरून अर्धा मिनिट थांबायचे, मग चक्र उघडायचे. हे सारे त्यांना आता माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

मागच्या महिन्यात गावातला एक तरुण व्यापारी त्यांच्याकडे आला होता. त्याचाही परवान्याचा विचार चालला आहे. मी समोरच बसलो होतो. त्याने विचारले, "काका, गोळी कोनती चांगली?"

भाऊजी म्हणाले, "हत्यारावर नाव कोरलं हाय तीच. खडकीची साधी. अन् घरात कोनाले तरी तिचा हिशेब ठाऊक पाहिजे."

आत अक्का तूर पाखडत होती. दोन्ही पेट्यांच्या किल्ल्या आता तिच्या कमरेला असतात. दर शनिवारी ती काडतुसे मोजते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने आकडा लिहिते.